दगडावरचे साल

"गावाच्या पूर्वेस असलेली बेचाळीस पायऱ्यांची दगडी बारव इ. स. १७२९ मध्ये बांधण्यात आली." मराठी विकिपीडियावर मी लिहिलेले हे पहिले वाक्य. ज्या रात्री ते लिहिले त्या रात्री माझ्या मनात त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती, कारण ती बारव आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिच्या पायऱ्यांवर बसून मी सागरगोटे खेळले आहे आणि तिच्या देवळीतला शिलालेख माझ्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, अक्षरांवरून बोट फिरवत मला वाचून दाखवला आहे. आज त्याच वाक्यात मला दोन चुका दिसतात. दोन्ही चुका मधल्या काळात छापून आल्या, आणि त्यांतली एक तर पिवळ्या फलकावर निळ्या ऑइल पेंटने रंगवून बारवेच्या तोंडाशी उभी आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. मराठी विकिपीडियावर गावांची हजारो पाने आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ पानांवर गावाचे नाव, तालुका आणि जिल्हा यांपलीकडे काही नसते. आमच्या गावाचे पानही तसेच दोन ओळींचे होते. बँकेतले काम आटोपून, घरातली झाकपाक करून मी एका रात्री साडेअकराला बसले आणि अडीच वाजेपर्यंत गाव उतरवून काढले: भैरोबाची यात्रा, तालीम, ओढ्यावरचा पूल, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेली माणसे आणि अर्थातच बारव. सकाळी उठून पाहते तो जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेपटाला चौकोनी कंसात, बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' असा साचा लटकवलेला. ताट वाढून पाहुण्यापुढे ठेवावे आणि त्याने पहिला घास घेण्याआधी "हे कुठून आणलेत?" असे विचारावे, तसे मला झाले. मी चर्चा पानावर गेले आणि तिथे पुरेशा आवेशाने लिहिले की, ज्या गावात माझी नाळ पुरली आहे त्या गावाबद्दल मला माहीत नसेल तर कोणाला असेल?

उत्तर संध्याकाळी आले. लिहिणाऱ्या सदस्याचे खरे नाव मला आजही ठाऊक नाही. त्याने किंवा तिने एवढेच लिहिले होते की, आपल्याला माहीत आहे याविषयी शंका नाही, पण वाचकाला ते कुठे पाहता येईल?

त्या प्रश्नाचा अर्थ लक्षात यायला मला बराच काळ लागला, कारण कोश म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र होते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, तेव्हा त्या खंडांमागे केतकर उभे होते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्यातली नोंद संपली की खाली लिहिणाऱ्याचे नाव असते, पुष्कळदा संदर्भग्रंथही असतात. एखाद्या ओळीबद्दल वाचकाला शंका आली तर ती कोणाची जबाबदारी हे त्याला कळते. २००३ साली मराठीत सुरू झालेल्या या नव्या कोशात सही नाही. माझे सदस्यनाव एका फुलाचे आहे आणि माझ्या शेजारी संपादन करणाऱ्याचे तर नावही नव्हते, नुसता अंकपत्ता (आयपी ॲड्रेस) होता. त्या पानावर मी सातारची आहे की सिडनीची, बँकेत आहे की आठवीत, हे कोणालाही कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. मग वाक्याचे वजन कोणी उचलायचे? ज्या ग्रंथातून, ज्या लेखातून ते आले त्याने. जुन्या कोशात नोंदीखाली सही असे, तिथे आता तळटीप आहे. हे उमगल्यावर माझा राग शमला, पण बारवेचा प्रश्न तसाच राहिला, कारण मी वाचले होते ते पुस्तक नव्हते, दगड होता.

आता त्या दगडाविषयी. काळ्या पाषाणाची हातभर रुंद शिळा आहे, चार ओळी आहेत, वरच्या ओळीच्या बाजूंना चंद्र-सूर्य आहेत. पिढ्यान् पिढ्या शेंदूर आणि तेल लागून अक्षरे बुजली आहेत. आबा वाचत असत ते असे: शके १६५१, सौम्य नाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे आम्हाला शाळेत शिकवले होते. सोळाशे एकावन्न अधिक अठ्ठ्याहत्तर, सतराशे एकोणतीस. झाले.

हे गणित वर्षाच्या बहुतेक भागात बरोबर येते, आणि म्हणूनच ते घातक आहे. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवणे साधारणपणे ठीक, पौषात पंचांग पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि माघ-फाल्गुनात मात्र इंग्रजी वर्ष उलटून गेलेले असते, त्यामुळे ७९ मिळवावे लागतात. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठात झाला, म्हणून ७८ मिळवून १६७४. जन्मतिथी मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणून ७९ मिळवून १६३०. दोन्ही सने मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतात, मलाही होती, आणि तरीही त्यांतला हा एका वर्षाचा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता. आमच्या बारवेचा माघ महिना १७३० च्या जानेवारीत पडतो.

जाता जाता, त्या जन्मतिथीचीच गोष्ट संदर्भाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. कित्येक वर्षे शके १५४९, म्हणजे १६२७, हे जन्मवर्ष सर्वत्र चालत होते, कारण बखरींत ते होते आणि बखरींवरून लिहिलेल्या पुस्तकांत ते होते. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली पुढे आणली, तिच्यात शके १५५१ निघाले, आणि मग पुढे अनेक दशके वाद चालला. दहा बखरींत एक साल आहे म्हणून ते दहा पुरावे होत नाहीत; नवव्याने आठव्याचे पाहून लिहिले असेल तर पुरावा एकच राहतो. संपादकाला सर्वांत जास्त उपयोगी पडणारा धडा हाच असावा, आणि तो मला माझ्याच वाक्याने शिकवला.

'संदर्भ हवा' लागल्यानंतर तीन-साडेतीन वर्षांनी मी पुन्हा त्या पानावर गेले, तो साचा गेलेला होता. त्या जागी निळ्या अक्षरांत लहानसा [१] होता. कोणीतरी संदर्भ शोधला याचा मला खरोखर आनंद झाला. दुवा उघडला, तर एका वृत्तपत्राच्या जिल्हा पुरवणीतला आसपासच्या बारवांवरचा लेख होता आणि त्यात आमच्या गावाला एक परिच्छेद मिळाला होता. "गावाच्या पूर्वेस असलेली बेचाळीस पायऱ्यांची दगडी बारव…" मी दोनदा वाचले. शब्द ओळखीचे होते म्हणून नव्हे; बारवेचे वर्णन करताना कोणीही हेच शब्द वापरील. मला थांबवले ते बेचाळीसने. त्या दिवाळीत मी गावी गेले होते तेव्हा लेकीला घेऊन पायऱ्या उतरताना मोजल्या होत्या, आणि त्या अडतीस भरल्या होत्या. बेचाळीस हा आकडा माझ्या लहानपणीच्या आठवणीतला, बहुधा चळवळीच्या सालात गुंतून आलेला. जगात तो माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे असण्याचे कारण नव्हते.

विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला 'इतिहास' नावाची कळ असते. ती दाबली की कोणते अक्षर कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी आले, हे दिसते. माझे वाक्य आधीचे होते, लेख सव्वादोन वर्षांनंतरचा. म्हणजे लेखकाने माझे वाक्य उचलले, आणि दुसऱ्या एका सद्भावी संपादकाने तोच लेख माझ्या वाक्याला आधार म्हणून जोडला. माझी चूक जगात एक फेरी मारून, अंगावर छापील सदरा चढवून घरी परतली होती. हा प्रकार माझ्याच वाट्याला आलेला नाही. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका विद्यार्थ्याने इंग्रजी विकिपीडियावर कोआटी नावाच्या दक्षिण अमेरिकी प्राण्याला गंमत म्हणून 'ब्राझिलियन आर्डवार्क' असे टोपणनाव देऊन टाकले. पुढे ते ब्रिटिश वृत्तपत्रांत आले, पुस्तकात गेले आणि मग तीच प्रकाशने त्या नावाला पुरावा म्हणून लागली. त्या विद्यार्थ्याने निदान चेष्टा केली होती. मी तर मनापासून लिहिले होते.

मी लगेच दुरुस्ती केली: पायऱ्या अडतीस, साल १७३०. तासाभरात ती उलटवली गेली. संपादन सारांशात लिहिले होते, "संदर्भात १७२९ आहे." आणि नियमाने ते बरोबर होते! माझ्याकडे खरे साल होते पण संदर्भ नव्हता, पानावर खोटे साल होते आणि त्याच्यापुढे [१] होता.

चर्चा पानावर जी चर्चा झाली ती मला अनेक दृष्टींनी लक्षात राहिली आहे. शिलालेखाचे छायाचित्र मी कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसाठ्यात, चढवले. एका सदस्याचे म्हणणे पडले की, साधा हिशेब हे काही विकिपीडियाला वर्ज्य असलेले 'मूळ संशोधन', म्हणजे कुठे न छापलेला स्वतःचा निष्कर्ष, नव्हे; शकाचा सन करणे चालायला हरकत नाही. दुसऱ्याने छायाचित्र मोठे करून पाहिले आणि विचारले की, तिसरा अंक ५ आहे हे कशावरून? तो ९ नसेल? मी डोळे ताणून पाहिले. शेंदराखाली त्या अंकाचा खालचा भाग खरोखरच गेलेला आहे. आजवर मी तिथे ५ 'पाहत' होते ते आबांच्या आवाजामुळे. आता संवत्सराने ही अडचण सुटते, कारण साठ संवत्सरांच्या चक्रात सौम्य हा त्रेचाळिसावा आणि तो शके १६५१ ला येतो. शके १६९१ ला विरोधी येतो. शिलालेख कोरणाऱ्या माणसाने तीनशे वर्षांपूर्वी स्वतःच पडताळणीची सोय करून ठेवली होती. मी हे मोठ्या अभिमानाने मांडले. त्यावर तिसऱ्या सदस्याने लिहिले की, आपला युक्तिवाद उत्तम आहे आणि म्हणूनच तो इथे चालणार नाही. झिजलेला अंक संवत्सरावरून ठरवणे हे अभ्यासकाचे काम आहे, ते अभ्यासकाने कुठेतरी प्रसिद्ध करावे, मग आपण त्याचा हवाला देऊ.

मला त्या क्षणी फिलिप रॉथ आठवला. २०१२ साली या अमेरिकी कादंबरीकाराने आपल्याच एका कादंबरीची प्रेरणा कोण होती याबद्दलचे इंग्रजी विकिपीडियावरचे विधान चुकीचे आहे, असे कळवले, तर त्याला सांगण्यात आले की लेखक म्हणून आपला अधिकार मान्य, परंतु दुय्यम स्रोत, म्हणजे दुसरीकडे प्रसिद्ध झालेला आधार, हवा. त्याने न्यूयॉर्करच्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून एक लांबलचक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. पत्र प्रसिद्ध झाले म्हणून त्याचा हवाला देता आला. ही गोष्ट नेहमी विकिपीडियाच्या हडेलहप्पीचा नमुना म्हणून सांगितली जाते, मीही पूर्वी तशीच सांगत असे. पण त्याच दारातून कोणीही येऊन "मीच तो लेखक" म्हणू शकतो, याचाही विचार करावा लागतो. मी त्या चर्चेत जशी सातारची निनावी बाई होते, तसाच तो दारापुरता एक निनावी म्हातारा होता.

वृत्तपत्राचा लेख मात्र मी काढायला लावला. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, बेचाळीस आणि अडतीसचा घोटाळा दाखवला, आणि विकिपीडियावरून उतरलेला मजकूर विकिपीडियाला पुरावा होऊ शकत नाही, यावर सर्वांचे एकमत झाले. छापलेले म्हणजे विश्वसनीय, हे समीकरण आपल्याकडे फार पक्के आहे. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी २०१७ साली डेली मेलसारखे प्रचंड खपाचे दैनिकही साधारणतः वापरू नये असे ठरवले, हे सांगितले तर आमच्या गावात कोणाला पटणार नाही. दैनिक हा शब्द आमच्याकडे अजूनही दप्तरी शिक्क्यासारखा चालतो.

मग मी रीतसर शोधाला लागले. शनिवारी अर्धा दिवस ग्रंथालयात, रविवारी गावी. कँबेलच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा साताऱ्याचा खंड १८८५ चा. त्यात स्थळांच्या प्रकरणात आमच्या गावाला दीड ओळ आहे आणि ती आठवडी बाजाराबद्दल आहे. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीबद्दल हवे तितके मिळते, कारण ती भव्य आहे आणि शाहू महाराजांच्या काळातली म्हणून नावाजलेली आहे. आमच्या बारवेवर एकच मोट चाले. हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत 'आमचे गाव' असा लेख मिळाला. त्यात बारव पांडवांनी एका रात्रीत बांधलेली होती, आणि पुढच्याच पानावर खताच्या दुकानाची जाहिरात होती. तालुक्याच्या एका संकेतस्थळावर काही असल्याचे कोणी सांगितले, पण ते युनिकोड येण्याआधीच्या कुठल्याशा फाँटमध्ये होते, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. एका ई-पेपरचा दुवा उघडला तर मुख्यपृष्ठावर जाऊन आदळे. तो लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनने जतन केलेला सापडला, तेव्हा त्यात दुसऱ्याच गावाची बारव निघाली. तेव्हापासून मी कोणताही दुवा देताना त्याची जतन केलेली प्रत आधी करून ठेवते. मराठी दुव्यांचे आयुष्य पावसाळी छत्रीएवढे असते.

या भटकंतीत एक गोष्ट वारंवार समोर येई, ती म्हणजे 'असे म्हणतात'. हे दोन शब्द मराठी लिहिणाऱ्याचे फार जुने आश्रयस्थान आहे. 'असे मानले जाते', 'जाणकारांच्या मते', 'आख्यायिका आहे की' ही सगळी त्याच घराण्यातली. कर्ता गाळला की जबाबदारीही गळते. नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, हे एका तऱ्हेचे विधान आहे, आणि आनंदीबाईंनी पत्रात 'ध' चा 'मा' केला, हे दुसऱ्या तऱ्हेचे. दुसरे इतके मुरले आहे की त्याचा वाक्प्रचार झाला. आणि वाक्प्रचाराला कोण संदर्भ मागणार? त्या पानांवर काम करताना मी ती कथा खोडली नाही. ती कथा म्हणूनच ठेवावी, कोणी, कोणत्या ग्रंथात सांगितली ते नावानिशी द्यावे आणि खुनाच्या तारखेच्या ओळीत तिला बसवू नये, एवढेच केले. त्यावरही एकाने मला फितूर म्हटले.

पण मग जे कधी छापलेच गेले नाही त्याचे काय, हा प्रश्न मला अजून छळतो. भैरोबाच्या यात्रेत कोणत्या घराचा मान पहिला, काठी कोणी धरायची, नैवेद्याला आंबील का, हे सगळे आमच्या गावात चार-पाच म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे आणि कोणत्याही ग्रंथात नाही. २०११ साली अचल प्रभला यांनी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या मदतीने मौखिक संदर्भांचा एक प्रयोग केला होता: हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांत जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्याच संदर्भ म्हणून द्यायच्या. ज्या भाषांत ग्रंथ कमी तिथे ज्ञानही कमी असे धरायचे का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तरीही माझे मन दोन्हीकडे ओढते. आबांची मुलाखत मी मुद्रित केली असती, तर तीत बारवेचे साल १७२९ निघाले असते आणि पायऱ्या कदाचित पन्नास.

शेवटी एका ओळखीने शिलालेखांचा अभ्यास करणारे निवृत्त गुरुजी भेटले. ते एसटीने आले, पिशवीत कागद, ब्रश आणि शाई घेऊन. आधी त्यांनी दोन तास शिळा धुतली. ओला कागद अक्षरांवर ठोकून बसवला, सुकत आल्यावर कापडाच्या बोळ्याने शाई टिपली, आणि काळ्यावर पांढरी अक्षरे हळूहळू उठून आली. तिसरा अंक ५ होता. चौथ्या ओळीत आम्हाला कधीच न दिसलेले बांधणाऱ्याचे नावही निघाले, आणि ते आबा ज्यांचे सांगत त्यांचे नव्हते. वाचन एका त्रैमासिकाकडे पाठवतो, असे गुरुजी म्हणाले. अंक निघायला वर्ष तरी लागेल.

तोवर पानावर काय ठेवायचे? मी सालही काढले आणि पायऱ्याही काढल्या. "गावात एक दगडी बारव आहे," एवढेच वाक्य आता तिथे आहे आणि शेजारी छायाचित्र आहे. बारवेवरच्या फलकावर मात्र 'बांधकाम इ. स. १७२९' तसेच आहे. लेख आला त्या वर्षी पंचायतीने तो हौसेने लावला. मागच्या महिन्यात कोणी पर्यटकाने त्या फलकाचा फोटो काढून पानावर चढवला आणि खाली पुरावा म्हणून नोंदवला. तो मी काढला, तेव्हा ते कोणीतरी मोबाइलवर आबांना दाखवले असावे, कारण रात्री त्यांचा फोन आला.

"पानावरचं साल तू काढलंस म्हणं?"

"हो आबा. एका वर्षानं चुकलं होतं."

"मग बरोबर घालायचं की."

"ते अजून छापून आलेलं नाही."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. "दगडावर कोरलंय की गं," ते म्हणाले, "त्याहून पक्कं काय छापणार ते?" मी त्यांना गुरुजींचा ठसा, त्रैमासिक, वर्षभराची वाट, सगळे पुन्हा सांगितले. बांधणाऱ्याच्या नावाचे मात्र फोनवर सांगवले नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "अंक आला की दोन प्रती आण. एक मला. आन् एक त्या फलक रंगवणाऱ्याला."